बॉबी मेस्त्रीचा दुसरा आवाज

बॉबी मेस्त्री गेल्याची बातमी आमच्या चाळीच्या ग्रुपवर आली, तेव्हा तिच्यासोबतचा फोटो बॉबी मेस्त्रीचा नव्हता. केस वाढवलेल्या, गळ्यात रुमाल बांधलेल्या कुठल्या तरी भलत्याच गायकाचा होता. मंडळाचा सेक्रेटरी वैभव, त्याने घाईत मोबाइलवर शोधला आणि पहिला सापडला तो चिकटवला. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती. मी ऑफिसात जेवणाचा डबा उघडून बसले होते. खरं तर आधी रडू यायला हवं होतं, पण आधी राग आला. मी लिहिलं, "हा आपला बॉबीदादा नाही. फोटो बदल." वैभवचं उत्तर आलं, "सॉरी ताई, नाव टाकलं की हाच येतो." मग मी डबा तसाच बंद केला आणि ऑफिसच्या जिन्यात जाऊन रडून घेतलं.

म्हणून हे लिहायला बसले आहे. निदान एका ठिकाणी तरी माणूस बरोबर असावा.

आमच्या लहानपणी बॉबी मेस्त्री कोण हे कुणाला सांगावं लागत नव्हतं. लालबागपासून गिरगावापर्यंत पानाच्या गादीवर, लग्नाच्या वरातीत, सलूनमध्ये त्याची एकच कॅसेट वाजत असायची. कॅसेटवर तो एका मोटरसायकलला टेकून उभा होता. पांढरे बूट, खांद्यावर झालर लावलेलं जाकीट, गळ्यात लाल रेशमी रुमाल. मोटरसायकल कुणाची होती ते चाळीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ती समोरच्या दूधवाल्याची होती आणि फोटोसाठी तिच्यावरचे दुधाचे कॅन काढून ठेवले होते. जाकीट आमच्याच चाळीतल्या शिंप्याने पडद्याच्या कापडातून शिवलं होतं. तेच कापड शिंप्याच्या खिडकीला पुढे कितीतरी वर्षं लटकत होतं, आणि तिथून जाताना आम्ही मुली त्याला हळूच हात लावायचो.

गाणं असं होतं:

तिसऱ्या मजल्यावरची, बघ की जरा खाली,
वर बघून बघून माझी मान मोडून गेली.

पुढे दोन कडवी होती, पण ती कुणालाच आठवत नाहीत. या दोन ओळींवर अख्ख्या गिरणगावाने नाचून घेतलं. आमची चाळ तळमजला अधिक तीन. त्यामुळे तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या यच्चयावत मुली त्या वर्षी गॅलरीत केस विंचरायला लागल्या. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो, आणि मी अजून तिथेच राहते. हे दुःख कुणाला सांगून कळणार नाही.

एकदा मी धीर करून विचारलंच. सकाळी तळमजल्याच्या नळावर आमचा सुपरस्टार पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा घालून, तोंडात ब्रश धरून कळशी भरत होता. मी विचारलं, "बॉबीदादा, दुसऱ्या मजल्यावरची का नाही घेतली गाण्यात?" त्याने ब्रश काढला, गंभीर चेहरा केला आणि म्हणाला, "शुभे, दुसरा मजला चालीत बसत नाय." मी ते खरं मानलं. 'दुसऱ्या' आणि 'तिसऱ्या' दोन्ही त्या चालीत सारखेच बसतात, हे माझ्या डोक्यात शिरायला लग्नाचं वय उजाडलं. तोवर त्याचं लग्न तिसऱ्या मजल्यावरच्या हेमाशी होऊन गेलं होतं. गाण्यात तो नुसतं बघ म्हणाला होता; ही सरळ उतरून तळमजल्यावर नांदायलाच आली, असं आम्ही हेमावहिनीला चिडवायचो.

बॉबी हे त्याचं कॅसेटवरचं नाव. खरं नाव बाळकृष्ण. त्याची आये त्याला बाळग्या म्हणायची आणि ती कॅसेटला काडीची किंमत देत नसे. तो नळावर उभा राहून ताना मारायला लागला की आतून ओरडायची, "बाळग्या, गाणा रवांदे, पाणी जातला!" की तो तान अर्धी टाकून कळशी उचलायचा. वरच्या मजल्यांना पाणी चढायचं नाही तेव्हा सगळे जिन्यात पायरीपायरीवर उभे राहून खालून वर हंडे पोचवायचे, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात. बॉबी मेस्त्री त्या रांगेत हटकून खालच्या पायरीवर असायचा, कारण तिथे हंडा सगळ्यात जड लागतो असं त्याचं म्हणणं होतं. खरं कारण हे की तिथून अख्ख्या जिन्याला त्याचा आवाज ऐकू जायचा.

आवाज हीच त्याची मिजास होती. हळू बोलणं त्याला जमतच नसे. एका गणपतीत मंडपात त्याचा कार्यक्रम ऐन रंगात असताना वीज गेली. माइक बंद, ऑर्केस्ट्रातला कीबोर्ड बंद, माणसं पांगायला लागली. तर हा स्टेजवरून खाली उतरला, टाळ्यांवर ठेका धरला आणि नुसत्या गळ्याने गाणं चालू ठेवलं. वीज परत आली ते नाचणाऱ्यांना कळलंसुद्धा नाही. नंतर लोक कौतुक करायला लागले तर म्हणाला, "सूर गेला तर जाऊ दे. ठेका सोडायचा नाय." हे वाक्य तो पुढे कशालाही लावायचा. दुसरी कॅसेट आली कधी आणि गेली कधी हे कुणाला समजलं नाही, तेव्हाही हेच म्हणाला आणि परळच्या एका कंपनीत डिस्पॅचला नोकरी धरली. पांढरे बूट मात्र सांभाळून ठेवले. गणपतीच्या पहिल्या दिवशी आरती झाली की मंडळाच्या लाउडस्पीकरवर पहिलं गाणं त्याचंच लागायचं, ही आमच्याकडची रीतच पडून गेली होती. तो बूट घालून मंडपापुढे यायचा, हेमावहिनी माहेरच्या गॅलरीत, म्हणजे तिसऱ्या मजल्यावर जाऊन उभी राहायची, आणि अख्खी चाळ नाचायची. आमची पोरं झाली, तीही त्यावरच नाचायला शिकली.

गाण्यापायी त्याने कधी सिगरेट ओढली नाही. तंबाखू मात्र दाढेत असायची. तंबाखू गळ्याला नडत नाही, असं त्याचं स्वतःचं संशोधन होतं. ते चुकलं. रिटायर व्हायच्या सुमाराला त्याचा आवाज बसला तो उठलाच नाही, आणि परळच्या हॉस्पिटलात त्याचं स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. गळ्याच्या खालच्या अंगाला श्वास घ्यायला एक भोक उरलं. त्यावर पातळ सुती रुमाल बांधावा लागे. कॅसेटवरचा रुमाल फॅशनचा होता, हा कामाचा.

बॉबी मेस्त्रीचा आवाज गेला, यावर काय करायचं हे आम्हाला कुणालाच समजेना. आम्ही चाळीतली माणसं तशी प्रेमळ, पण प्रेम उतू गेलं की आमचं डोकं चालत नाही. लोक त्याच्याशी खुणांनी बोलायला लागले. कुणी त्याच्या कानाशी जाऊन ओरडून विचारायचं, "बरं वाटतंय काऽऽ?" एक दिवस हेमावहिनी कावून दारात आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अहो, घसा गेलाय त्यांचा. कान नाय गेले. कान शाबूत आहेत, आणि डोकं पयल्यापासूनच फिरलेलं आहे."

त्या दिवसांत तीच त्याचा आवाज झाली होती. तो नुसते ओठ हलवायचा आणि ती ते मोठ्याने सांगायची. अडचण एवढीच की तो दोन शब्द बोलायचा आणि ती चार वाक्यं सांगायची. तो दुकानात 'साबण' म्हणाला की ही म्हणायची, "त्यांना साबण हवाय, पण मागचा दिलात तो एकदम बेकार होता, आणि पुन्हा तसा दिलात तर इथनं घेणार नाय." तो बाजूला उभा राहून जोरजोरात मान हलवायचा, मी एवढं बोललो नाही म्हणून.

मग गणपती आले. मंडळाच्या पोरांनी मीटिंग घेतली आणि एकमताने ठरवलं की यंदा बॉबीकाकाचं गाणं लावायचं नाही. त्याला स्वतःचा गेलेला आवाज ऐकून त्रास होईल. सगळ्यांना ते पटलं, मलाही पटलं होतं. पहिल्या दिवशी आरती झाली आणि लाउडस्पीकरवर भक्तिगीत सुरू झालं. बॉबीदादा इस्त्रीचा शर्ट आणि पांढरे बूट घालून मंडपापुढे उभा होता. भक्तिगीत संपलं, दुसरं लागलं. तो थांबला. तिसरं लागलं तसा तो वैभवसमोर जाऊन उभा राहिला आणि ओठ हलवले.

"ते विचारतायत, माझं गाणं कुठाय," हेमावहिनी म्हणाली.

वैभव चुळबुळला. "काका, तुम्हाला त्रास नको म्हणून नाय लावलं. तुमच्यासाठीच."

त्याने वैभवचा खांदा धरून त्याला साउंडवाल्याकडे फिरवलं. गाणं लागलं. तोच जुना दणदणीत आवाज चौकात घुमला, आणि ज्याचा आवाज होता तो मुका माणूस आमच्यापुढे उभा. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. पुरुष खाली जमिनीकडे बघायला लागले. नाचायला कुणीही पुढे आलं नाही. तो एकटा नाचायला लागला. हात वर करून आम्हाला बोलावत राहिला, एकेकाच्या समोर येऊन ठेका धरत राहिला, आणि आम्ही मयताला आल्यासारखे उभे होतो. शेवटी त्यानेच साउंडवाल्याच्या जवळ जाऊन गाणं बंद केलं. मी त्याला तेवढा संतापलेला कधीच पाहिला नव्हता. तो ओठ हलवत राहिला, आणि हेमावहिनी सांगत राहिली.

"ते म्हणतायत, हे रडायचं गाणं नाय. कॅसेट आता पुन्हा लावायची नाय. गाणं मी गाईन तेव्हाच होईल. इथे, मंडपात. आणि तेव्हा सगळ्यांनी नाचायचं."

आम्ही त्याच्याकडे बघितलं. त्या दिवशी त्याने नाही म्हणून मान हलवली नाही.

डॉक्टरांनी त्याला गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र सुचवलं होतं. ते त्याने लावून बघितलं आणि परत केलं. त्यातून येणारा आवाज एकसुरी होता, आणि एका सुरात कोण नाचणार? दुसरा रस्ता लांबचा होता. तोंडातून हवा गिळायची, ती ढेकरासारखी परत वर आणायची आणि त्या ढेकरावर शब्द बसवायचे. हॉस्पिटलातल्या बाई ते शिकवायच्या. शिकायला कित्येकांना महिनोन् महिने लागायचे आणि कित्येक जण मधेच सोडून द्यायचे. बॉबीदादाने कोपऱ्यावरच्या गोटी सोडावाल्याशी संधान बांधलं. रोज सकाळी गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी बसायचं, सोडा प्यायचा, ढेकर आला की त्यावर 'पा', 'ता', 'का'. पूर्वी तिथेच तो रियाज करायचा. तेव्हा वरच्या मजल्यावरचे तक्रार करायचे, आता तक्रार करायची कुणाची छाती होईना. घरोघरी चहा पिताना वरून ढेकर ऐकू यायचे आणि माणसं म्हणायची, आज जरा मोठा आला.

शब्द आले. जाड, खरखरीत, एका ढेकरात दोन-तीन अक्षरं. प, त, क लवकर वश झाले. ह मात्र शेवटपर्यंत आला नाही. त्यामुळे हेमाची 'एमा' झाली. "संसार केला माझ्याशी आणि नावाचं डोकंच उडवलं," ती म्हणायची. म्हणताना तिचा चेहरा असा फुललेला असायचा की बघत राहावं.

एवढ्यावर दुसऱ्या कुणी समाधान मानून घेतलं असतं. हा हॉस्पिटलातून माणसं गोळा करून आणायला लागला. ज्यांचा आवाज असाच गेलाय आणि जे घरात भिंतीकडे तोंड करून बसलेत, अशी माणसं रविवारी आमच्या गच्चीवर यायला लागली. त्यात दळवी सर होते, दादरचे रिटायर शिक्षक. सगळा जन्म मुलांना चारचौघांत ढेकर देऊ नये म्हणून शिकवण्यात गेलेला. ते सोड्याची बाटली हातात धरून अवघडून बसायचे. ढेकर आला की रुमाल तोंडाशी धरून गिळून टाकायचे. बॉबीदादाने त्यांना एक बाटली पाजली, दुसरी पाजली, तिसरी फोडून पुढे केली. सर मानेने नको म्हणाले. त्याने बाटली त्यांच्या तोंडाला लावली. सरांनी ती हाताने ढकलली आणि त्यांच्या तोंडून जोरात, स्पष्ट, ढेकरासकट शब्द बाहेर पडला: "पुरे." गच्चीवर सगळ्यांनी माना वळवल्या. मग टाळ्या. सर आपल्याच आवाजाने दचकले होते, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. बॉबीदादाने ती उरलेली बाटली स्वतः पिऊन टाकली.

दुसरी पारूबाई. दारोदार मासळी विकणारी. जिचा आवाज चार गल्ल्यांतून ऐकू जायचा ती पाटी घेऊन दारात मुकाट उभी राहायची, आणि दार उघडेपर्यंत बर्फ वितळून जायचा. तिला त्याने पहिला शब्द शिकवला 'पापलेट'. म्हणायला सोपा आणि विकायला महाग, हा त्याचा हिशेब.

गाणं मात्र जमत नव्हतं. मी रविवारी सोडा वर पोचवायला जायचे तेव्हा बघायचे. 'तिसऱ्या' म्हटलं की हवा संपायची. पुन्हा गिळायची, मग 'मजल्या'. पुन्हा गिळायची, 'वरची'. तोवर ठेका पुढे निघून गेलेला. तो टाकीवर मूठ आपटायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. गणपती आले, गेले. दर वर्षी तो आरतीनंतर मंडपापुढे येऊन उभा राहायचा आणि वैभवला सांगायचा, "पुढच्या. खेपेला." कॅसेट त्याने लावू दिली नाही.

एका रविवारी पंप बिघडला. वरच्यांना पाणी नाही म्हणून पुन्हा जुन्यासारखी जिन्यात रांग लागली आणि गच्चीवर आलेले बॉबीदादाचे विद्यार्थीही त्या रांगेत ओढले गेले. तो स्वतः सवयीप्रमाणे खालच्या पायरीवर. हंडे वर जात होते आणि अचानक रांग थांबली. बॉबीदादा भरलेला हंडा हातात धरून नुसताच उभा होता, वर जिन्यात रांगेकडे बघत. वरून आरडाओरडा सुरू झाला. पुढच्या पायरीवर दळवी सर हात पुढे करून उभे होते.

"तिसऱ्या," बॉबीदादा म्हणाला आणि हंडा सरांना दिला. मग त्यांच्याकडे बोट दाखवलं.

सरांना काही कळेना. त्याने पुन्हा म्हटलं, "तिसऱ्या," आणि पुन्हा बोट दाखवलं. सरांच्या डोक्यात उजेड पडला. "मजल्या," ते म्हणाले आणि हंडा वर पारूबाईच्या हातात दिला. "वरची," पारूबाई म्हणाली.

ओळ पुढे सरकली. एकाची हवा संपते तोवर दुसऱ्याची तयार. पुढच्या हंड्याला 'बघ की' आणि 'जरा' वरच्या दोघांच्या वाट्याला गेलं. ओळ वर पोचली आणि शेवटचा शब्द खालून बॉबीदादाने टाकला: "खाली." इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते गाणं ठेक्यात झालं होतं. त्या दिवशी पाणी भरायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, कारण तो हंडे मोकळे करून पुन्हा खाली मागवायला लागला. हेमावहिनी ओरडली, "अहो, गाणं राहू द्या, पाणी जाईल!" आये असती तर खूश झाली असती.

त्यानंतर दर रविवारी तालीम. पहिला शब्द आणि शेवटचा शब्द त्याचा, मधले वाटून दिलेले. येत्या गणपतीत मंडपात गायचं नक्की झालं. पण उन्हाळ्यात त्याच्या छातीत कॅन्सर पुन्हा निघाला आणि पाऊस सुरू व्हायच्या आत तो गेला.

शोकसभा तेराव्यानंतरच्या रविवारी चौकात ठेवली. बॅनरवरचा फोटो या वेळी मी स्वतः दिला, आणि छापून आल्यावर जाऊन तपासला. वैभवने मोठा पडदा आणि साउंड मागवला होता. तो हेमावहिनीकडे आला तेव्हा मी तिथेच होते.

"काकू, ओरिजिनल आवाजातलं गाणं लावू या. लोकांना तेच आठवतंय."

"कॅसेट लावायची नाय," ती म्हणाली. "त्यांनी सांगितलंय. सर आणि पारूबाई आणि सगळी येणार आहेत. ती गातील."

वैभवने माझ्याकडे बघितलं. "ताई, तुम्ही तरी सांगा. बाहेरचे लोक येणार आहेत, नगरसेवक येणार आहेत. ढेकर ऐकून लोक हसतील. काकांचाच अपमान होईल."

मी काही बोलायच्या आत हेमावहिनी म्हणाली, "हसू देत की. हसतील तरच नाचतील."

मी वैभवला पडदा परत पाठवायला सांगितलं. कुरकुरला, पण पाठवला.

सभेत भाषणं झाली. एका पाहुण्याने त्याला शाहीर म्हटलं, दुसऱ्याने भजनसम्राट. मी दात आवळून बसले. मग वैभवने सरांना पुढे बोलावलं, आणि त्याच वेळी पहिल्या रांगेत बसलेली हेमावहिनी उठली आणि जिन्याकडे निघाली. लोकांना वाटलं, तिला सहन होईना. दोन बायका मागे धावल्या. तिने त्यांना हाताने थांबवलं आणि एकटी जिना चढून गेली.

सरांनी शाळेतल्यासारखं बोट वर करून ठेका दिला. बाकीच्यांनी टाळ्या धरल्या. पहिला शब्द बॉबीदादाचा होता, तो सरांनी घेतला. तिसऱ्या, मजल्या, वरची. मागे पोरं खुदकन हसली. कुणीतरी त्यांना दटावलं. बघ की, जरा. आणि मग काहीच नाही. 'खाली' कुणाला दिलाच नव्हता. तेवढी जागा त्यांनी मोकळी ठेवली आणि टाळ्या चालू ठेवल्या. त्या मोकळ्या जागेत पारूबाईने हात वर करून दाखवलं. सगळ्या चौकाने माना वर केल्या. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, दर गणपतीला उभी राहायची त्याच जागी, हेमावहिनी कठड्यावरून वाकून खाली बघत होती.

दुसऱ्या फेरीला पोरं पुन्हा हसली, पण या वेळी पुढे आली. ठेका पोरांना लगेच कळतो. तिसऱ्या फेरीला वैभवने ढोलवाल्याला खूण केली. मग कोण कुणाचं काय आहे ते राहिलंच नाही. शोकसभेला आलेले नगरसेवक चपला काढून ठेवलेल्या जागी अडकून पडले, कारण पुढे चौकभर माणसं नाचत होती. मीही नाचले. माझे गुडघे डॉक्टरच्या ताब्यात आहेत, तरी नाचले. दर वेळी 'जरा'नंतर ती जागा मोकळी यायची आणि आम्ही सगळे वर बघायचो.

कॅसेटवरचा फोटो लोकांच्या लक्षात राहील तर राहो. माझ्याजवळ त्याचं शेवटचं दर्शन आहे ते वेगळं आहे. हॉस्पिटलात शेवटचं न्यायचं होतं त्या सकाळी टॅक्सी फाटकाशी येऊन थांबली होती. मी ऑफिसला निघायच्या घाईत दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत टॉवेल वाळत घालत होते. तो वैभवच्या आधाराने चौकातून हळूहळू चालला होता, बारीक झालेला, गळ्याला सुती रुमाल, पायात पांढरे बूट. हॉस्पिटलात कोण बूट घालून जातं म्हणून हेमावहिनी मागून बडबडत होती. मधेच तो थांबला. वैभवचा हात सोडवून घेतला. मान मागे टाकायला त्याला त्रास होत होता, तरी त्याने ती टाकली आणि वर बघितलं. मला वाटलं, सवयीने तिसऱ्या मजल्याकडे बघतोय. पण तो माझ्याकडे बघत होता.

त्याने हवा गिळली. "दुसऱ्या," तो म्हणाला. पुन्हा गिळली. "मजल्या." वैभवला वाटलं त्याला श्वास लागलाय, तो धरायला पुढे आला. बॉबीदादाने त्याला कोपराने बाजूला सारलं. "वरची."

मी टॉवेल हातात धरून तशीच वाकून उभी राहिले.

"बसतंय," तो म्हणाला आणि टॅक्सीकडे निघाला.